डोंगरातल्या मक्याचा वाण शेतकऱ्यांनाच निवडू द्या

सातपुड्याच्या पाड्यांवर मक्याचं नवं बियाणं येतं ते बहुतेक वेळा मिनीकिटच्या पिशवीतून. वाण आधीच ठरलेला असतो. शेतकऱ्याने तो पेरायचा, बांधावर फलक लावू द्यायचा आणि काढणीला फोटोसाठी उभं राहायचं. पीक चांगलं आलं तरी पुढच्या जूनमध्ये त्याच शेतात पुन्हा घरचा मका दिसतो. का, असं विचारलं तर उत्तरं साधी असतात: भाकरी थापताना चिरते, दिवाळीआधीच सोंडे लागले, ते बियाणं परत मिळालंच नाही. उत्पादनाच्या तक्त्यात यातलं एकही कारण नोंदलेलं नसतं.

हा लेख कृषी सहायक, संस्थांचे कार्यकर्ते, शेतकरी कंपन्यांचे संचालक आणि गटाने वाण तपासू पाहणारे शेतकरी यांच्यासाठी आहे. शेतकऱ्यांना कार्यक्रमाला बोलावलं म्हणजे त्यांचा सहभाग झाला, असं होत नाही. चार वाण समोर ठेवून त्यांतले तीन टाकून द्यायचा अधिकार त्यांच्याकडे असेल, तरच तो सहभाग. तो कसा घडवायचा ते क्रमाने पाहू.

शिफारस डोंगरावर का अडखळते

दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण 6.5 अंश सेल्सिअसने उतरतं. सातपुड्यातलं तोरणमाळ साधारण 1,150 मीटरवर आहे. तापीकाठच्या शेतात वेळेवर तयार होणारा वाण तिथे रेंगाळतो. तुरा उशिरा येतो, दाणा भरायला जास्त दिवस लागतात आणि तोवर उतारावरच्या उथळ जमिनीतली ओल संपते. थंड, दमट हवेत पानांवरचा टर्सिकम करपा बळावतो. वारा मोकळा असल्याने उंच ताटं लोळतात.

देशात मक्याच्या संशोधनासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1957 पासून चालू आहे. त्याच्या चाचण्या विभागवार होतात. त्यांत महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात येतो आणि हा विभाग थेट तमिळनाडूपर्यंत पसरलेला आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशाची सरासरी काढून दिलेली शिफारस चुकीची नसते, पण अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर काय होईल हे ती सांगू शकत नाही. ते तिथे पेरूनच कळतं.

शेजारच्या गुजरातेतला अनुभव इथे कामाचा आहे. दाहोद-पंचमहालच्या भिल्ल पट्ट्यात कृभकोच्या भारत-ब्रिटिश कोरडवाहू शेती प्रकल्पात 1990च्या दशकात शेतकऱ्यांना विचारून मक्याच्या सुधारणेची उद्दिष्टं ठरवली गेली. पैदाशीची निवड शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या, कमी कसाच्या जमिनीत झाली. त्यातून आलेला जीडीआरएम-187 हा वाण गुजरातच्या डोंगराळ कोरडवाहू भागासाठी अधिकृतपणे प्रसारित झाला. संशोधन केंद्रावर त्याने स्थानिक मक्यापेक्षा 18 टक्के जास्त उत्पादन दिलं आणि स्त्रीकेसर सात दिवस आधी काढले. शेतकऱ्यांच्या शेतात एकूण उत्पादन कमी होतं, पण तिथे हीच आघाडी 28 टक्क्यांवर गेली. म्हणजे हलक्या जमिनीत आणि शेतकऱ्यांच्या कसोट्यांवर निवडलेला वाण अशाच जमिनीत जास्त उठून दिसला.

आधी ऐका, मग बियाणं शोधा

एप्रिल-मेमध्ये, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, पाड्यावर दोन बैठका घ्या: एक बायकांची, एक पुरुषांची. एकत्र बैठकीत बाजारभाव आणि उत्पादन यांवरच बोलणं होतं. दळण, भाकरी, साठवण आणि गुरांचा चारा हे विषय बायकांच्या बैठकीत निघतात. ‘तुम्हाला कसा वाण हवा?’ असं विचारलं की ‘जास्त पिकणारा’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं विचारा:

- घरात सध्या कोणकोणता मका आहे? कोणता कशासाठी पेरता?
- घरचं धान्य कोणत्या महिन्यात संपतं?
- गेल्या काही वर्षांत कोणतं नवं बियाणं पेरून सोडून दिलं? का सोडलं?
- मक्यात आंतरपीक काय घेता? उडीद, चवळी, तूर?
- कणसं कुठे आणि किती महिने ठेवता?
- किती मका विकता आणि व्यापारी कोणता रंग मागतो?

सोडून दिलेल्या बियाण्याचा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्याच्या उत्तरांतून कसोट्यांची यादी आपोआप तयार होते.

धान्य संपण्याच्या महिन्याचाही मुदतीशी थेट संबंध आहे. श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपत असेल, तर लवकर भाजायला येणाऱ्या कणसाचं मोल क्विंटलमध्ये मोजता येत नाही. दुसरीकडे, पोल्ट्री खाद्यासाठी मका घेणारा व्यापारी पिवळा दाणा मागतो आणि घरच्या भाकरीला पांढरा लागतो. म्हणून एकच विजेता वाण शोधायच्या मागे लागू नका. घरासाठी एक आणि विक्रीसाठी एक, असे दोन वाण निवडले गेले तरी काम फत्ते झालं असं समजा.

चाचणीत काय ठेवावं

पाच-सहा वाण पुरेत. त्याहून जास्त असतील तर शिवारफेरीत लोक गोंधळतात आणि प्लॉट सांभाळणारा शेतकरी वैतागतो. निवड अशी ठेवा: मुदत, रंग आणि उंची यांत खरा फरक असलेले तीन-चार सुधारित वाण, एखादा बाजारात मिळणारा संकर आणि पाड्यावरचा उत्तम घरचा मका. हा घरचा मका चाचणीत हवाच. त्याचं बियाणंही गावात चांगलं बियाणं राखणाऱ्या घरातून घ्या. किडक्या दाण्यांचा स्थानिक मका तुलनेला ठेवून नवा वाण जिंकवण्यात काही अर्थ नाही.

सुधारित वाण कृषी विद्यापीठाच्या मका संशोधन केंद्राकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रामार्फत मागवा. धडगाव भागात बाएफ संस्थेने स्थानिक मका आणि ज्वारीच्या वाणांचं जतन व सामुदायिक बीजबँक यांवर काम केलं आहे. असं काम जवळपास असेल तर तिथले निवडक स्थानिक वाणही चाचणीत घ्या. ‘सुधारित’ म्हणजे बाहेरून आलेलाच, असं काही नाही.

प्लॉटवर वाणाचं किंवा कंपनीचं नाव लिहू नका, फक्त क्रमांक द्या. नाव दिसलं की मत नावाला पडतं.

मांडणी: एक मोठा प्लॉट, अनेक घरचे प्लॉट

1990च्या दशकात मलावी देशात सिग्लिंद स्नॅप या शास्त्रज्ञ बाईंनी मदर-बेबी नावाची पद्धत बसवली. पुढे ती आफ्रिकेत मक्याच्या वाण-निवडीसाठीही वापरली गेली. डोंगराळ भागाला ती चांगली बसते, कारण इथे एका शेतातून दुसऱ्या शेतात गेलं की जमीन बदलते.

मोठा, म्हणजे मदर, प्लॉट गावाच्या मध्यावर, सगळ्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर घ्या. त्यात सगळे वाण असावेत आणि प्रत्येक वाण किमान तीन वेळा, वेगवेगळ्या जागी यावा. उतारावर वरच्या अंगाला जमीन उथळ आणि खालच्या अंगाला खोल असते. म्हणून सगळ्या वाणांचा एक पूर्ण संच वर, एक मध्ये आणि एक खाली, असे उताराला आडवे पट्टे पाडा. प्रत्येक संचात वाणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका वाणाला चार ओळी, प्रत्येक 5 मीटर लांब, ओळींत 75 सेंटिमीटर आणि रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवा. वजन मधल्या दोन ओळींचंच घ्यायचं, कारण कडेच्या ओळींना शेजारच्या वाणाची सावली किंवा जास्तीचा उजेड मिळतो.

घरचे, म्हणजे बेबी, प्लॉट दहा ते पंधरा शेतकऱ्यांकडे घ्या. प्रत्येकाला फक्त दोन-तीन नवे वाण द्या आणि शेजारी त्याचा स्वतःचा मका असू द्या. हेक्टरी 20 किलो बियाणं धरलं तर एका गुंठ्याला साधारण 200 ग्रॅम लागतं. नांगे भरण्यासाठी थोडं जास्त ठेवून वाणागणिक 250 ग्रॅमची पिशवी पुरते. खत, निंदणी, आंतरपीक हे सगळं त्याच्या नेहमीच्या रीतीने होऊ द्या. एकच अट घाला: नवा वाण आणि घरचा मका एकाच दिवशी, एकसारख्या जमिनीत पेरायचा आणि दोघांना सारखंच वागवायचं. चाचणीसाठी युरियाच्या गोण्या वाटल्या तर निकाल युरियाचा लागेल. घरचे प्लॉट निवडताना एकट्या बाईचं घर, सर्वांत वरच्या टोकाचं घर आणि बैलजोडी नसलेलं घर मुद्दाम घ्या. एरवी रस्त्यालगतच्या पुढारी शेतकऱ्यांकडेच सगळ्या पिशव्या जातात.

अमेरिकन लष्करी अळी 2018 साली भारतात आली आणि महाराष्ट्रातही पसरली. पोंग्यात अळी दिसली तर उपाय सगळ्या वाणांवर एकाच दिवशी करा आणि नोंद ठेवा. लवकर निसवणाऱ्या वाणाची आणखी एक अडचण असते: आजूबाजूला दुसरं कणीस नसल्याने पोपट आणि रानडुकरं त्याच्यावरच तुटून पडतात. हे नुकसान वेगळं लिहा. सगळ्या शिवारात तो वाण पेरला तर नुकसान वाटलं जाईल. पण एकट्याने पेरायचा असेल तर हीच त्याची खरी अडचण आहे. लोकांना दोन्ही बाजू सांगा.

शिवारफेरी आणि मतदान

फेऱ्या दोन घ्या. पहिली दाणा दुधाळ असताना, तेव्हा ताटाची उंची, करपा, मुळांची पकड आणि लवकरपणा दिसतो. दुसरी काढणीच्या तोंडावर, तेव्हा कणीस बोलतं.

दुसऱ्या फेरीत घाई करू नका. लोकांना कणसं हाताळू द्या. जाणती बाई कणसाचं टोक आधी पाहते. साल टोकापलीकडे जाऊन घट्ट मिटलेली आहे की टोक उघडं पडलंय, हे ती बोटाने चाचपते. टोक उघडं असेल तर परतीच्या पावसाचं पाणी आत जातं, बुरशी धरते आणि सोंड्यांना शेतातच वाट मिळते. मग ती साल सोलते, ओळी टोकापर्यंत भरल्या आहेत का पाहते, नखाने दाणा दाबते आणि एखादा दाताखाली धरते. कडक, काचेसारखा दाणा साठवणीत जास्त टिकतो आणि मऊ, पिठूळ दाण्यात कीड लवकर शिरते. शेवटी ती ताटाकडे वळते: कणीस वाळलं तरी पानं हिरवी आहेत का, म्हणजे गुरं ती खातील का. अर्ध्या मिनिटात झालेली ही तपासणी तुमच्या नोंदवहीत पाच वेगळ्या रकान्यांत उतरली पाहिजे. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

मतदानाला अक्षरओळख लागू नये. प्रत्येक प्लॉटसमोर काठीला एक पिशवी टांगा. प्रत्येकाला तीन मक्याचे दाणे आणि एक उडदाचा दाणा द्या. मक्याचे तीन दाणे आवडलेल्या तीन वाणांना आणि उडदाचा दाणा अजिबात नको असलेल्या वाणाला. बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या पिशव्या ठेवा. लोकांनी एकामागोमाग एक जावं, घोळक्याने नाही. सरपंच किंवा पाटील असतील तर त्यांचं मत शेवटी घ्या.

मतं सर्वांसमोर मोजा आणि तिथेच चर्चा घ्या. जास्त मतांच्या वाणाइतकंच लक्ष उडीद पडलेल्या वाणाकडे द्या. बायका आणि पुरुष यांचे निकाल वेगळे आले तर सरासरी काढू नका. फरक का पडला ते विचारा. उंच ताट पुरुषांनी वाऱ्यासाठी नाकारलेलं असतं आणि बायकांनी चाऱ्यासाठी निवडलेलं असतं. दोघांचंही खरं असतं आणि कोणत्या शेतात काय पेरायचं हे त्यातूनच ठरतं.

वजन, भाकरी आणि साठवण

मताला वजनाची जोड लागतेच. मोठं कणीस डोळ्यात भरतं, पण वांझ ताटं किती हे नजरेतून सुटतं. मोजणी सोपी आहे. मधल्या दोन ओळींचं क्षेत्र 7.5 चौरस मीटर होतं. समजा त्यांतून सोललेली कणसं 4 किलो निघाली, दाण्याचा वाटा 80 टक्के आणि ओलावा 25 टक्के आहे. दाणा 3.2 किलो झाला. तो 15 टक्के ओलाव्यावर आणण्यासाठी 75 ने गुणून 85 ने भागा, म्हणजे 2.82 किलो. हेक्टरी हिशेब साधारण 37.6 क्विंटल, एकरी 15 क्विंटलच्या आसपास. ओलाव्याचा हिशेब टाळला तर उशिराचा, ओला वाण उगाच पुढे दिसतो. घरच्या प्लॉटवर वजनकाटा नसेल तर वाळलेला दाणा पायलीने किंवा एकाच डब्याने मोजला तरी चालतं, फक्त माप एकच असावं.

भाकरीची परीक्षा अनेक जण गाळतात किंवा चुकीची घेतात. मका परपरागित आहे: एका वाणाचे परागकण वाऱ्याने दुसऱ्याच्या कणसावर पडतात. पांढऱ्या वाणाशेजारी पिवळा असेल तर पांढऱ्याच्या कणसात त्याच हंगामात पिवळे दाणे दिसतात. चाचणीतल्या प्लॉटचं धान्य म्हणूनच शुद्ध नसतं. चव आणि रंग पारखायला त्या वाणाचं धान्य जिथून बियाणं आणलं तिथूनच मागवा. ते बीजप्रक्रिया केलेलं नाही याची खात्री करा. औषध लावलेलं बियाणं कधीही दळायचं नाही. मग तीन-चार घरी त्याच जात्यावर किंवा गिरणीत दळून, नेहमीच्या हाताने भाकरी करू द्या. पीठ पाणी किती धरतं, थापताना कडा चिरतात का, सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ राहते का, हे लिहून घ्या.

साठवणीसाठी प्रत्येक वाणाची वीस-पंचवीस कणसं सालीसकट घरच्या नेहमीच्या जागी टांगा. दर महिन्याला कणसांतले पोखरलेले दाणे मोजा. होळीपर्यंतचा हा हिशेब पुष्कळ वादविवाद मिटवतो.

एका हंगामावर निर्णय घेऊ नका. चांगल्या पावसाच्या वर्षी उशिराचा वाण जिंकतो, पाऊस लवकर तुटला की लवकरचा. निदान दोन पावसाळे पाहा. पहिल्या वर्षी उडीद पडलेले वाण दुसऱ्या वर्षी काढून टाका आणि उरलेले मोठ्या क्षेत्रावर घ्या. पक्की खूण एकच: तुम्ही पिशवी न देताही शेतकऱ्याने ते बियाणं पुन्हा पेरलं का आणि शेजाऱ्याने मागितलं का.

निवडलेलं बियाणं पुढच्या जूनमध्ये कुठून येणार?

हा प्रश्न पहिल्या बैठकीतच काढा. निवड संकर वाणाची झाली तर बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल. घरचं ठेवलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पादन घटतं. तालुक्याच्या दुकानात तो वाण वेळेवर आणि परवडणाऱ्या भावात मिळतो का, हे आधी पाहा. सुधारित, म्हणजे संमिश्र, वाणाचं बियाणं गावात तयार करता येतं, पण रीत पाळली तरच.

- दुसऱ्या मक्यापासून 200 मीटर अंतर हवं. डोंगरात ते दोन टेकड्यांमधल्या एखाद्या एकाकी खोऱ्यात सापडतं. तसं नसेल तर पेरणी तीन-चार आठवडे पुढे-मागे करा, म्हणजे तुरे एकाच वेळी येणार नाहीत.
- वेगळी, रोगट आणि फार उंच-बुटकी ताटं तुऱ्यातून पराग उडण्याआधी उपटा.
- बियाण्याची कणसं शेताच्या मध्यातल्या, न लोळलेल्या झाडांवरून निवडा. ती किमान 200 झाडांवरची असावीत. दहा-वीस देखण्या कणसांवर बियाणं राखलं तर काही वर्षांत वाण खालावतो.
- कणसाच्या दोन्ही टोकांचे दाणे सोडा, मधले घ्या. ओलावा 12 टक्क्यांवर आणून कोरड्या, बंद डब्यात ठेवा.
- चाचणीच्या प्लॉटमधली कणसं बियाण्याला ठेवू नका. ती मिश्र असतात. हे पेरणीच्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

एकराला 8 किलो बियाणं लागतं. एका एकराच्या बीजक्षेत्रातून निवडून 5 क्विंटल बियाणं निघालं तरी साठ एकरांची सोय होते. म्हणजे तीन-चार पाड्यांना एक बीजउत्पादक गट पुरतो. नेपाळच्या डोंगराळ भागात 1999 पासून चाललेल्या पर्वतीय मका संशोधन प्रकल्पाने वाण-निवडीबरोबर गावोगावचे बीजगट उभे करण्यावर भर दिला, तो याच कारणाने. तिथेही मका घरात खायला लागतो, मक्याखाली नाचणी असते आणि पायवाटेने दुकानातून दरवर्षी बियाणं आणणं परवडत नाही.

कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. 2001च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने त्याला संरक्षित वाणाचंही बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने, लेबल लावून ते विकता येत नाही. पाड्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मक्याची शेतकरी वाण म्हणून नोंदणीही याच कायद्याखाली होते. बीजगटाला बियाण्याचा रीतसर व्यवसाय करायचा असेल तर परवाना आणि प्रमाणीकरणाची माहिती जिल्हा कृषी कार्यालयातून आधी घ्या.

शेवटी निकाल गावात परत आणा. प्रत्येक वाणाची मतं, वजन, भाकरीचा शेरा आणि होळीपर्यंतची कीड हे सगळं एका मोठ्या कागदावर चित्रांत मांडा आणि ज्यांनी दाणे टाकले त्यांच्यासमोर वाचा. त्याची एक प्रत वाण देणाऱ्या संशोधन केंद्राला पाठवा. कोणता वाण का नाकारला हे तिथल्या पैदासकाराला कळलं, तर पुढचा वाण घडवताना कणसाची साल आणि पिठाची भाकरी हेही त्याच्या यादीत येतील. मेच्या बैठकीत गटाने स्वतःहून सांगावं: यंदा हा क्रमांक किती एकरांवर, बियाणं कोण धरणार आणि कोणता वाण परत आणायचा नाही. एवढं ठरलं की तुमचं काम बियाणं वेळेवर पोचवण्यापुरतं उरतं.